जुन्या मारुती ८०० चा गंजलेला पत्रा: कापून नवा घालावा की झाकून चालवावी?

खारा_वारा
मंडळी, घर मालवणात, गच्चीत उभं राहिलं की समुद्र दिसतो. गाडी मारुती ८००, १९९८ चं मॉडेल, कार्बुरेटरवालं, चार गिअर. वडिलांनी नवी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषय घरात निघत नाही. इंजिन ठणठणीत. दुखणं पत्र्याचं आहे.

मागच्या रविवारी आतली मॅट धुवायला काढली. खाली कंपनीने चिकटवलेला डांबरी थर वरून एकदम शाबूत दिसत होता. पेचकसाने त्याची कड उचलली तर त्याला चिकटून तपकिरी पापुद्रेच्या पापुद्रे निघाले आणि खाली अंगणातला जांभ्याचा चिरा दिसला. रंग दोघांचा एकच, त्यामुळे भोक कुठे संपतं आणि चिरा कुठे सुरू होतो हे कळायला हात घालावा लागला. डाव्या रनिंग बोर्डाला, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या लांब डब्याला, जॅक लावला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच आत गेला. दारांच्या खालच्या कडा फुगल्यात. बॅटरीखालचा पत्राही खलास.

तीन भाव आलेत. जवळचा डेंटर म्हणतो वरून पत्रा टाकू, पुट्टी भरू, रंग मारू, १८ हजार. कोल्हापूरचा म्हणतो सगळं कापून नवं घालू, ५५ हजार, गाडी महिनाभर सोडा. तिसरा फायबरवाला, ९ हजार, "साहेब, पाणी पत्र्याला लागतच नाही मग". गाडी विकायला काढली तर चाळीस हजार आले तरी डोक्यावरून पाणी. पुढचं पासिंग २०२८ ला. काय करावं?

टपरीवरचा_तत्त्वज्ञ
चौथा भाव घ्या, भंगारवाल्याचा. तो उलट तुम्हालाच पैसे देतो.

खारा_वारा
@टपरीवरचा_तत्त्वज्ञ, हा प्रतिसाद आमच्या बाबांना वाचून दाखवायला तुम्ही स्वतः यावं. येण्याजाण्याचा खर्च माझा.

नाना_पेठ_रिटर्न्स
अठरा आणि नऊ, दोघांनाही लांबून नमस्कार.

वरून पत्रा टाकला की जुना गंजका पत्रा आणि नवा पत्रा यांच्यामध्ये एक फट राहते. त्या फटीत ओल शिरते, बाहेर पडायला वाट नसते. गंजाला लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून तो आतून ढकलत राहतो. वरचा रंग पहिल्या पावसात फुगतो, दुसऱ्या पावसात पुट्टी ढलपे होऊन पडते. पुट्टी स्वतःच ओल धरते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. स्वच्छ पत्र्यावर, पातळ थरात, खड्डा सारखा करायला ती ठीक. भोक बुजवायला ती नाहीच.

फायबरचंही तेच. फायबरला स्वतःला गंज येत नाही हे खरं, पण ते ज्या कडांना चिकटवायचं त्या कडा गंजक्या असतील तर ते धरून कशाला ठेवणार? शिवाय रनिंग बोर्ड हा नुसता शोभेचा पत्रा नाही. ८०० ला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे भार घेणारा खालचा सांगाडा, नसते, बॉडी हीच चासी. बाजूने धडक बसली तर तो डबा मध्ये येतो.

आधी एक काम करा. साधं लोहचुंबक घ्या, फडक्यात गुंडाळा म्हणजे रंगावर ओरखडे येणार नाहीत, आणि सगळ्या गाडीवरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे आधीच कुणीतरी पुट्टी भरून ठेवलेली असते. त्यानंतर गाडी वर घेऊन पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज आला तर पुढे चला, भद्द आवाज आला तर खडूने गोल करा. गंज जेवढा दिसतो त्याच्या दीड-दोन पट जागा कापावी लागते, तो हिशोब मनात ठेवूनच भाव करा.

हिशोबी_मास्तर
भावना बाजूला ठेवून आकडे बघू. चाळीस हजारांच्या गाडीवर पंचावन्न हजार. त्यावर पुन्हा नोंदणी: एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींना १०,००० केलं. पर्यावरण कर वेगळा. अधिकृत स्क्रॅप केंद्रात दिली तर जमा प्रमाणपत्र मिळतं आणि नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. वडिलांना हे आकडे दाखवा.

खारा_वारा
दाखवले. "तुझ्या शिक्षणावर किती गेले त्याचा हिशोब काढू का?" असा प्रश्न आला. सध्या आकडे बंद.

पावणं_कोल्हापूर
उद्यमनगरात आमचं वर्कशॉप होतं, आता भाऊ बघतो. ५५ हजार ऐकून लगेच कापायला निघालाय असं समजू नका राव. पत्र्याला कितीसे पैसे लागतात? पैसा जातो उघडण्यात आणि पुन्हा जोडण्यात. सीटा काढा, डॅशच्या खालची वायरिंग वर बांधा, फ्लोअरखालून जाणारा पेट्रोलचा आणि ब्रेकचा पाइप सोडवा, टाकी उतरवा. एवढं केल्याशिवाय जो माणूस फ्लोअरला वेल्डिंग लावतो त्याच्या गॅरेजात उभंसुद्धा राहू नका.

पुढे रनिंग बोर्ड. दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. आधी दाराच्या चौकटीत आडवा अँगल वेल्डिंगचे टाके मारून धरायचा, मग एक बाजू कापायची, ती पूर्ण बसवायची, दार लावून बघायचं, मगच दुसरी. हे केलं नाही तर गाडी मधोमध खचते आणि दार लागायचं बंद होतं. आमच्याकडं अशा गाड्या दुसरीकडून येत, दाराला लाथ मारून बंद करत मालक उतरायचा.

डेंटरला विचारायचे प्रश्न सांगतो. वेल्डिंग गॅसच्या ज्योतीने करणार का सीओटूने, म्हणजे विजेवरच्या तारेच्या मशीनने? पत्रा किती गेजचा? गॅसचा ताव पातळ पत्र्याला सोसत नाही, लाटा येतात. सीओटूवर टाका इथं एक, नंतर समोरच्या कडेला एक, हात लावण्याइतकं गार होऊ दे, मग मधे. बाहेरच्या अंगाला २२ गेज, म्हणजे साधारण पाऊण मिलिमीटर. फ्लोअरला २० गेज, म्हणजे त्याहून जाड, घातला तरी चालतं. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा घालतो म्हणाला तर जोडाच्या कडेवरचं जस्त घासून काढायला लावा. नाहीतर पांढरा धूर होतो आणि कारागीर रात्री थंडीतापाने फणफणतो.

आणि जोड आतूनबाहेरून सीलरने बंद झालाच पाहिजे. ते काम कोण बघत नाही, म्हणून कोण करत नाही.

काळं_तेल
सगळे शहरी सल्ले. गुहागरला आमच्या वडाप जीपचा फ्लोअर गेला तेव्हा वरून जाड पत्रा टाकला, टाके मारले, आणि दर पावसाळ्याआधी खालून जुनं इंजिन ऑइल फवारतो. गाडी अजून धंद्यावर आहे. खारा_वारा, तुम्हाला २०२८ पर्यंत चालवायची ना? १८ हजारवालं करा, तेल मारा, उरलेल्या पैशात बाबांना फिरवून आणा.

नाना_पेठ_रिटर्न्स
@काळं_तेल, जीपला खाली चासी आहे हो. तुमचा फ्लोअर म्हणजे पाय ठेवायची फळी, तिच्यावर गाडीचा भार नाही. ८०० चं तसं नाही. शिवाय जुनं ऑइल पावसात धुऊन विहिरीकडेच जातं, आणि ब्रेकच्या रबरांवर गेलं तर ती फुगतात.

काळं_तेल
विहिरीचा मुद्दा मान्य. रबराला पिशवी बांधतो आम्ही, एवढं कळतं. पण तुमचा महिनाभराचा सोहळा परवडणारे किती? डॉक्टरने सांगितलेलं सगळं कोण खातं?

फियाट_आजोबा
गंजाच्या गोष्टी चालल्यात आणि जुन्या फियाटचं, आपल्या पद्मिनीचं, नाव नाही! आमच्या दादरच्या चाळीत एकांची काळी-पिवळी होती. मागच्या सीटखाली एवढं भगदाड की प्रभादेवीला प्रवाशाची चप्पल गेली आणि त्याने भाड्यातून चपलेचे पैसे कापून घेतले. टॅक्सीवाले प्लायवूड टाकायचे, त्यावर लिनोलियम, त्यावर प्लास्टिकची फुलं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण त्यातल्या किती आरटीओने काढल्या आणि किती आधीच गंजाने, हा संशोधनाचा विषय आहे.

गिरगावकरीण
आजोबा, त्या प्लायवूडला पावसात कुबट वास यायचा तो आत्ता नाकात आला. खिडकी खाली घेतली की वर यायची नाही, ते पण लिहा.

फियाट_आजोबा
काच दोन तळव्यांनी दाबून वर ढकलायची असते. तंत्र आहे ते.

धागापाल
पद्मिनीच्या आठवणींसाठी वेगळा धागा आहे, तिकडे चला. इथे पत्र्यावर बोलू.

दापोडी_कार्यशाळा
मी एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून निवृत्त. वर कुणी लिहिलं नाही पण कुणीतरी लिहीलच, म्हणून आधीच सांगतो: ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून बसवू नका. 'ॲल्युमिनियम गंजत नाही' हे अर्धंच खरं. लोखंडाला चिकटून ओल राहिली, त्यात मीठ मिसळलं, की दोन धातूंच्या मध्ये बारीक वीज वाहते आणि आधी ॲल्युमिनियम जातं. रिव्हेटच्या भोवती पांढरी भुकटी धरते, भोक मोठं होतं, रिव्हेट खुळखुळायला लागतो. मग पाणी आत आणि लोखंडाची पाळी. लोखंडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमची बॉडी असायची तेव्हा कोकणातल्या डेपोंच्या गाड्या दुरुस्तीला आल्या की न विचारता ओळखू यायच्या. दोन धातूंच्या मध्ये रंग किंवा रबर हवंच, आणि तरीही किनाऱ्यावर त्याचा भरवसा नाही.

जुळवून_घ्या
मी नेमकं तेच सुचवायला आलो होतो. गप्प बसतो.

लीड्सकर
इथे इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावरच मीठ टाकतात, त्यामुळे आमचा समुद्र घरापर्यंत येतो. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी. त्या तपासणीतला गंजाचा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: सगळ्या पत्र्याला सारखं महत्त्व नाही. सीटबेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग जिथे अडकवलंय तिथून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजून कमजोर झाला असेल तर गाडी नापास. त्या भागात ठिगळ लावायचं तर वेल्डिंग सलग, चहूबाजूंनी. चार टाके मारून भागत नाही, पुट्टी-फायबर तर दुरुस्ती धरतच नाहीत. दाराच्या खालच्या कडेला भोक असेल आणि धारदार कड बाहेर आलेली नसेल तर सहसा कुणी नापास करत नाही.

म्हणजे खारा_वारा, तुमचे पैसे कुठे घालायचे ते यातून ठरवता येईल. फ्लोअर आणि रनिंग बोर्ड कापून नीट करा. दारं दिसायला वाईट, पण ती थांबू शकतात.

पावणं_कोल्हापूर
लाख बोललात. दारं नंतर केली तर बिल बरंच खाली येतंय. भंगारात चांगल्या अवस्थेतली दारं घाटावर मिळतात, सांगली-सोलापूरकडच्या गाड्यांची. कोरडी हवा, पत्रा खणखणीत. रंग जुळवायचा तेवढाच त्रास.

निवृत्त_रसायन
बाजारात 'गंज बदलणारं द्रव्य' म्हणून बाटल्या मिळतात, त्यावर थोडं. त्यात बहुधा फॉस्फोरिक आम्ल असतं, किंवा टॅनिन. फॉस्फोरिक आम्ल गंजाचं लोह फॉस्फेट करतं, टॅनिन लोह टॅनेट करतं, दोन्ही काळपट आणि गंजापेक्षा स्थिर. टॅनिनवाल्याची गंमत घरी बघता येईल. हिरडा कुटून उकळा आणि तो काढा गंजक्या कोयत्याला लावा. कोयता काळाशार होतो. हिरडा आणि लोह यांची शाई आपल्याकडे पूर्वी याच तत्त्वावर करत.

पण ही द्रव्यं वरवरच्या गंजापुरती. तारेच्या ब्रशने पापुद्रे काढून खाली घट्ट बसलेला पातळ थर उरतो, त्यासाठी. पापुद्र्यावर ओतली तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचा आपलं काम चालू ठेवतो. दुसरं, आम्ल नीट धुऊन, सुकवून न घेता त्यावर इपॉक्सी प्रायमर मारला तर तो धरत नाही. डेंटर घाईत हेच करतात आणि नंतर प्रायमरच्या कंपनीला शिव्या घालतात.

बॅटरीखालच्या पत्र्याला आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. फेस यायचा थांबेपर्यंत.

टपरीवरचा_तत्त्वज्ञ
हिरडा पोट साफ करतो हे माहीत होतं. आता गाडीलाही.

वेंगुर्ल्याचो_झील
आमच्याकडे एकच उपाय. गाडी इकूची आणि रिक्षान फिरूचा. गंजलो तर तेचो पत्रो गंजतलो.

देवबाग_होडी
आमचे आजोबा होडीला मासळीचं तेल लावायचे, तेच गाडीला खालून लावायचे. गंज खरंच धरायचा नाही. फक्त गाडी कुठेही उभी केली की दहा मिनिटांत खाली मांजरं जमायची, आणि आजी त्या गाडीतून लग्नाला जायची नाही.

नाना_पेठ_रिटर्न्स
एक मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. पाणी येतं कुठून? डांबरी थराच्या आतल्या बाजूला गंज आहे म्हणजे पाणी आतून साचतंय. रस्त्यावरचं उडालेलं पाणी खालून खातं, ते वेगळं दिसतं. नवा फ्लोअर घातला आणि गळती तशीच राहिली तर तो फ्लोअरही त्याच वाटेने जाणार. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, मॅट काढलेली, डॅशखाली मान घालून. दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं. खालून सुरू करायचं आणि हळूहळू वर जायचं. एकदम टपावर पाणी ओतलं तर काही कळत नाही.

खारा_वारा
काल संध्याकाळी केलं. मी आत, बाबा पाइप घेऊन बाहेर. (त्यांनी पहिलं पाणी खिडकीतून माझ्यावर सोडलं. चुकून, असं त्यांचं म्हणणं.)

दारांच्या उंचीपर्यंत काही नाही. वायपरच्या खालच्या जाळीवर पाणी आलं आणि डॅशच्या उजव्या कोपऱ्यातून आधी एक थेंब, मग बारीक धार, वायरिंगच्या जुडग्यावरून ओघळत थेट क्लचपाशी. जाळी उघडून बघितली तर आत आंब्याचा मोहर, सुरूच्या काड्या आणि कुजून झालेली काळी माती, मूठ-मूठ. पाणी बाहेर जायचं भोक त्याखाली बुजलेलं. समोरच्या काचेचं रबरही खालच्या कोपऱ्यात आखडून मागे सरलंय, तिथूनही झिरपतं.

नाना_पेठ_रिटर्न्स
झालं निदान. काच काढावी लागेल. रबराखालचा पत्राही खाल्ला असणार, कापाकापी चालू असताना तोही उघडून घ्या. रबर नवंच घाला, सिलिकॉन थापून जुनं चालवू नका. बाजारातलं साधं सिलिकॉन सुटताना आंबट वास येतो ना, ते आम्ल उघड्या पत्र्याला चांगलं नाही.

निवृत्त_रसायन
बरोबर, ॲसेटिक आम्ल.

खारा_वारा
काळं_तेल यांच्या मुद्द्यावर पुन्हा येतो, कारण खिसा माझा आहे. कोल्हापूरवाल्याशी बोललो. फ्लोअर, दोन्ही रनिंग बोर्ड, बॅटरी ट्रे, काचेची खालची चौकट एवढंच कापायचं, दारं नाहीत, पूर्ण रंग नाही, जिथे काम तिथेच रंग: ३६ हजार. हे ठीक वाटतं का?

पावणं_कोल्हापूर
ठीक आहे. दोन गोष्टी लिहून घ्या त्याच्याकडून. एक, कापल्यावर, नवा पत्रा लावायच्या आधी तुम्हाला फोटो पाठवायचे. दुसरी, रनिंग बोर्ड बंद करायच्या आधी आतून इपॉक्सी, आणि सगळं वेल्डिंग झाल्यावर आत मेणाची फवारणी. मेण आधी मारलं तर वेल्डिंगच्या तावाने जळतं. फवारणीसाठी पाडलेल्या भोकांना रबरी बूच. पाणी जायची मूळ भोकं मात्र उघडी, ती कुणी अंडरकोटिंगने बुजवली तर उभं करा त्याला.

इंजिनामागच्या भिंतीवर चासी नंबर ठोकलेला असतो. त्याच्या आसपास ग्राइंडर नाही, पुट्टी नाही, जाड रंग नाही. २०२८ ला आरटीओत त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावा लागेल, तो उमटला नाही तर पुढचं सगळं रामायण.

काळं_तेल
३६ ला आणि गळती काढून होत असेल तर करा. माझा विरोध ५५ ला होता. पण काम पावसाळ्यात देऊ नका, दमट हवेत मारलेला प्रायमर खालून घाम धरतो. दिवाळीनंतर द्या, जानेवारीत आणा.

हिशोबी_मास्तर
कोल्हापूरला नेणार कशी? फ्लोअरला भोक असलेली गाडी घाटातून?

खारा_वारा
टोइंगने, आंबोलीमार्गे. त्याचे वेगळे आठ हजार सांगतायत.

हिशोबी_मास्तर
म्हणजे ४४. नुसतं नोंदवतो.

पावणं_कोल्हापूर
आंब्याची पेटी उतरवून रिकामा परत जाणारा टेम्पो बघा, त्यात दोन फळ्या लावून चढते ८००. अडीच-तीन हजारांत येईल. चाकं मात्र नीट बांधा, हँडब्रेकच्या भरवशावर नको.

हिशोबी_मास्तर
आंब्याची पेटी दिवाळीनंतर?

पावणं_कोल्हापूर
मग माशाचा बघा.

देवबाग_होडी
मांजरं!

चेतक_८८
धागा वाचनखूण म्हणून ठेवला. माझ्या चेतकचा पाय ठेवायचा पत्रा बॅटरीच्या बाजूने सडलाय, स्कूटरलाही हाच क्रम लावायचा का?

नाना_पेठ_रिटर्न्स
क्रम तोच, पण स्कूटर पूर्ण मोकळी करावी लागते आणि पायाखालच्या कण्याला वाक येऊ न देणं हे वेगळंच काम आहे. नवीन धागा काढा, फोटो खालून काढलेले टाका. आणि बॅटरी कुठे बसवलीय तेही लिहा, काही चेतकना ती नसायचीच.